सगळं दोन-दोन, मी एकटा

४ मे, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून एकटाच डायव्ह करणार. ठरलं. हा निर्णय रागाच्या भरात घेतलेला नाही. राग कालच संपला. थोडा आज सकाळी कॉफीबरोबर संपला. आता डोकं एकदम शांत आहे.

घडलं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच शंका नको. काल रविवार. मी आणि बार्तुल नेहमीप्रमाणे दीपगृहाखालच्या कड्यावर उतरलो. चोवीस मीटरवर माझ्या सिलेंडरमधली हवा संपली. गेजमध्ये दोष असणार. (गेजकडे मी पाहिलं नव्हतं, पण पाहिलं असतं तरी त्यानं चुकीचंच दाखवलं असतं.) बार्तुलला खूण केली. त्यानं त्याचा जादाचा रेग्युलेटर माझ्या तोंडात दिला, दोघं एकाच सिलेंडरवर वर आलो. एवढंच. बावीस वर्षं सोबत बुडी मारणाऱ्या दोन माणसांत असं कधीतरी व्हायचंच.

पण कोनोबात, म्हणजे आमच्या गावच्या गुत्त्यात, बसल्यावर पहिल्याच ग्लासाला यानं ते सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणे, हा प्रोश्पेर डोळे विस्फारून आला आणि तान्ह्या पोरासारखा लुचायलाच लागला, मला वाटलं आता पाठ थोपटून ढेकर काढावी लागते की काय. तेरा माणसं हसली. मी मोजली. मी म्हणालो, तुझी हवा घेण्यापेक्षा समुद्र पिईन. तो म्हणाला, मग जा एकटा, तुझा तू बघ.

माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला माणूस! माझ्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणारा कुम, तिचा धर्मपिता! बरं.

दुपारी २

बार्तुलनं बेकरीत माझ्या बायकोला, दिंकाला, गाठून निरोप दिला: काल युगो होता.

हे हुशार आहे, पण चालणार नाही. युगो सुटला की, म्हणजे तो दक्षिणेचा दमट, चिकट वारा, बेटावरच्या माणसाचं डोकं फिरतं हे सगळ्यांना मान्य आहे. आजोबा सांगायचे, जुन्या काळी युगोत न्यायाधीशसुद्धा निकाल द्यायचे नाहीत. युगोत बोललेलं कोणी धरत नाही. दुसऱ्या दिवशी 'काल युगो होता' म्हणायचं आणि कॉफी प्यायची. चांगली पद्धत आहे. पण त्यासाठी युगो असायला हवा ना! माझ्या डायव्हच्या वहीत स्वच्छ लिहिलंय: ३ मे, वारा मायेस्त्राल, कडक ऊन, पाण्यात पंचवीस मीटरपर्यंत दिसतं. मायेस्त्राल म्हणजे वायव्येचा कोरडा, स्वच्छ वारा, युगोच्या बरोबर उलटा. शिवाय दिंकानं काल चादरी धुतल्या होत्या, त्या जेवणाच्या आत वाळल्या. युगोत चादरी वाळतात का?

वहीच्या पानाचा फोटो काढून बार्तुलला पाठवला. उत्तर नाही. पुराव्यापुढे माणूस काय बोलणार.

६ मे, बुधवार

डायव्हिंग सेंटरच्या निवेसकडून एकट्यानं डायव्ह करण्याचं पुस्तक आणलं. नियम एकच आहे आणि तो मला फार आवडला. पाण्याखाली जी वस्तू मोडली तर माणूस मरतो, ती दोन घ्यायची. सिलेंडर दोन, रेग्युलेटर दोन, मास्क दोन, सुरी दोन, दिवे दोन. सोबतीला माणूस असला की हे सगळं त्याच्याकडे असतं, म्हणून आपण आळशी होतो. पुस्तकात हे इतकं स्पष्ट लिहिलंय तरी बावीस वर्षं मी एका माणसाच्या भरवशावर राहिलो.

माणसापेक्षा वस्तू बरी. वस्तू कोनोबात जाऊन बोलत नाही.

फेरीबोटीच्या तिकीट खिडकीत मी एकतीस वर्षं काढली. एकदाही चुकीचं तिकीट दिलं नाही. सिस्टिमनं काम करणं माझ्या रक्तात आहे. यादी केली: बावीस वस्तू, म्हणजे चव्वेचाळीस.

दिंकाला यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, घरात कॉफीचं भांडं एकच आहे, त्याचाही दांडा मोडलाय, ते लिही त्यात. तिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

१० मे, रविवार

चर्चमधल्या मिसनंतर आमच्या पाद्र्याला, डॉन स्रेच्कोला, सांगून टाकलं की यंदा १५ ऑगस्टला, गोस्पाच्या, म्हणजे मरियामातेच्या, सणाला, पुष्पचक्र मी एकटा नेणार. एकोणीस वर्षं आम्ही दोघं नेतोय. मिरवणूक धक्क्यावर येते, समुद्रानं नेलेल्यांची नावं वाचली जातात, घंटा सुरू होते, आणि आम्ही चौदा मीटर खालच्या दगडी गोस्पाच्या पायाशी रोझमेरीचं चक्र ठेवून येतो. चक्र माझ्याकडे, दिवा बार्तुलकडे. यादीत चौथं नाव माझ्या बाबांचं आहे. त्यामुळे चक्र माझंच. दिवा काय, कोणीही धरेल.

डॉन स्रेच्को म्हणाला, अरे पण नेहमी दोघं जातात. मी म्हणालो, फादर, एक माणूस, दोन हात. एका हातात चक्र, एका हातात दिवा. तो म्हणाला, आणि क्रूसाची खूण कुठल्या हातानं करणार?

याचा विचार केला नव्हता. दिवा डोक्याला बांधता येईल.

अट घातली त्यानं: निवेसची सही हवी. निवेसची अट: आधी बंदरात तीन डायव्ह एकट्यानं, तिच्या समोर. किरकोळ.

२ जून, मंगळवार

स्प्लिटहून सामान आलं. फेरीवरून उतरवायला दोन माणसं लागली. पाठीवरचा मोठा सिलेंडर आहेच, कुशीला लावायचा छोटा नवा. रेग्युलेटर, कॉम्प्युटर, वर सोडायचे नारिंगी फुगे, दोरीची रिळं, शिट्ट्या, आरसे. मास्क तीन घेतले. दुसरा मास्क पहिल्याची जागा घेईल, पण तेव्हा दुसऱ्याची जागा कोण घेणार? पुस्तकात हा मुद्दा राहून गेलाय. निवेसला कळवायला हवं.

सगळं जेवणघरात मांडलं. दिंकानं दारात उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, एक ना धड, भाराभर चिंध्या. मग थोड्या वेळानं म्हणाली, या सगळ्याला पूर्वी बार्तुल म्हणायचे.

मी वजन करत होतो. सत्तेचाळीस किलो. पाण्यात वजन जाणवत नाही.

१४ जून, रविवार. बंदर, पहिली प्रॅक्टिस (निवेस नाही. ही मोजायची नाही.)

तयारी उत्तम. एक बारीक अडचण: सूटची झिप पाठीवर. तिची दोरी कधीच तुटलीय. पूर्वी लागायचीच नाही, कारण झिप बार्तुल लावायचा. दाराच्या मुठीला आकडा अडकवून ओढून पाहिलं. मूठ आली. (दिंका म्हणाली, दुरुस्तीला देते.) शेवटी दिंकानं लावली. दिंका मोजायची नाही, ती जमिनीवर असते.

९.०० ला धक्क्याच्या बाकावर बसून सगळं अंगावर चढवलं. ९.१० ला उठायचं होतं. उठता येईना. मी शांत होतो. पुस्तकात लिहिलंय, घाबरायचं नाही, थांबा आणि विचार करा. थांबलो. विचार केला. म्हातारी केका भाजी घेऊन चालली होती, तिनं विचारलं, प्रोश्पेर, कुणाची वाट बघतोस? मी म्हणालो, विश्रांती. ९.५० ला तिनं आणि बेकरीवाल्यानं मला दोन्ही बगलांना धरून उठवलं. या वयात ती म्हातारी किती ताकदवान आहे!

पाण्यात पाच मीटरवर सगळं छान. फक्त रिळाची दोरी छोट्या सिलेंडरला गुंडाळली. ती सोडवताना मास्क नंबर दोन सुटला. तो शोधताना मोठी सुरी म्यानातून गेली. सुरीमागे हात घातला तर शिट्टी गेली. मग वर आलो. यशस्वी.

बार्तुल धक्क्याच्या टोकाला गळ टाकून बसला होता. मुद्दाम. बघायला. अंगात जाड जॅकेट, गळ्यापर्यंत बंद. जूनमध्ये! वय झालं त्याचं.

१५ जून, सोमवार

सकाळी फाटकाच्या कडीला मास्क नंबर दोन लटकत होता. शिट्टीसुद्धा. आमच्या बंदरातला प्रवाह वस्तू काठाला आणतो, हे मी पूर्वीपासून म्हणत आलोय. आणि गावातली माणसं प्रामाणिक. सुरी मात्र आली नाही. सुरी जड, प्रवाहाला पेलली नसणार.

२३ जून, मंगळवार

पाण्यात शिरण्याआधी सगळं सामान तपासायचं असतं. दोघं असले की एकमेकांचं तपासतात: एक विचारतो, दुसरा हात लावून सांगतो. एकट्यानं दोन्ही करायचं. मोठ्यानं करावं असं पुस्तक सांगतं. आज केलं.

हवा? उघडी. दुसरी हवा? उघडी. पट्टे? घट्ट. गेज? ...

गेजला येऊन मी आपोआप म्हणालो, बघ जरा नीट, गाढवा. बार्तुल नेहमी असं म्हणायचा. म्हणजे सवयीनं आलं तोंडात. तर मी म्हणालो, बघितलंय. आणि मग म्हणालो, बघितलंय म्हणे, मागच्या वेळीसुद्धा बघितलं होतंस. मी म्हणालो, मागच्या वेळी दोष गेजचा होता. मग बराच वाद झाला.

मागून बेकरीवाला म्हणाला, प्रोश्पेर, तुमच्या दोघांचं मिटलं वाटतं?

पुढच्या वेळी मनातल्या मनात.

९ जुलै, गुरुवार. निवेससमोर पहिला डायव्ह.

निवेसनं फॉर्म दिला. किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाचं नाव. दिंका लिहिलं. निवेस म्हणाली, काका, तुम्हाला पोहता येतं ते ठीक, काकूंना येतं का? मी म्हणालो, तिला हाका मारता येतात, सगळ्या बेटाला माहीत आहे. त्याखाली दुसरी ओळ: पर्यायी माणूस.

म्हणजे बघा. माणसंसुद्धा दोन लागतात.

पंधरा मिनिटं बसलो. बेकरीवाला? त्याला उष्णतेनं चक्कर येते. डॉन स्रेच्को? त्याला पाण्याची भीती वाटते, बाप्तिस्म्यालासुद्धा पाणी लांबूनच शिंपडतो. पोरगी झाग्रेबला. शेवटी बार्तुलचं नाव आणि नंबर लिहिला. यात भावनेचा काही संबंध नाही, पाठ असलेला नंबर तो एकच आहे.

डायव्ह साधारण झाला. बारा मिनिटं. छोटा सिलेंडर अर्धा तास पुरतो असं लिहिलंय, पण त्याचा व्हॉल्व्ह बंद होता. उघडायला हात मागे पोचत नाही. निवेस म्हणाली, काका, जे हाताला लागत नाही ते असून नसल्यासारखं. मी म्हणालो, नोंद घेतली.

बार्तुल परत तिथेच. तेच जॅकेट, घाम टपकतोय. शेजारी पायात घालायच्या फिन्स ठेवलेल्या. मासे धरायला फिन्स! आणि त्याच्या गळाला आमिषच नव्हतं, मी जाताना पाहिलं. चार आठवड्यांत एक मासा नाही. डायव्हिंग सोडून या माणसाला काही येत नाही, आणि आता तेही सोडलं.

१८ जुलै, शनिवार. दुसरा डायव्ह.

नारिंगी फुगा सोडायची प्रॅक्टिस. खालून फुगवून दोरीनं वर पाठवायचा, म्हणजे बोटींना कळतं की खाली माणूस आहे. फुगा सुंदर वर गेला. दोरी माझ्या पट्ट्यात अडकली होती. मीसुद्धा वर गेलो. सात मीटर, बहुतेक दोन सेकंदांत. वर आल्यावर आडवा पडलो तो उलटं कासव पडतं तसा. पाठीवर सिलेंडर, हातपाय हवेत. पोहता येईना, वळता येईना. निवेस दोरी आणायला धावली.

तेवढ्यात कोणीतरी बगलेत हात घालून मला काठापर्यंत ओढलं. तोंडावर पाणी होतं, नीट दिसलं नाही. निवेसला विचारलं कोण होतं. ती म्हणाली, काका, खरंच कळलं नाही? मी म्हणालो, एखादा जर्मन टूरिस्ट असेल, ते मदतीला तत्पर असतात.

दिंका जेवताना म्हणाली, आज बार्तुलचं जॅकेट धक्क्यावर पडलेलं होतं, आणि बार्तुल ओलाचिंब. म्हणाली, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. मी म्हणालो, तो मासा आहे का? ती म्हणाली, तूही नाहीस.

२९ जुलै, बुधवार. तिसरा डायव्ह.

झाला. म्हणजे पाण्यात शिरलो, तळाला टेकलो, वीस मिनिटं एका जागी बसलो आणि बाहेर आलो. हललो नाही म्हणून काही अडकलं नाही. ही नवी पद्धत आहे. माझी.

निवेसनं सही केली. सही करताना ती धक्क्याच्या टोकाकडे पाहत होती. तिकडून कोणीतरी मान हलवली असावी. सूर्य डोळ्यांवर होता.

३१ जुलै, शुक्रवार

आज साठावा वाढदिवस. माझा नाही, बार्तुलचा. दर वर्षी आम्ही पहाटे दोघंच जातो, दीपगृहाच्या गुहेत, आणि पाण्याखाली हात मिळवतो. मूर्खपणा आहे तो एक. यंदा गेलो नाही. घरी बसून सगळ्या रबरांना सिलिकॉन लावलं. चव्वेचाळीस वस्तूंना लावून झालं तेव्हा अकरा वाजले होते. मग परत एकदा लावलं.

मला वाईट वाटलं. लिहून ठेवतो, वाचणारं कोणी नाही. फोन घेऊन तीनदा बाहेर गेलो. पण काय बोलणार? वारा तर मायेस्त्रालच होता. मीच फोटो पाठवलाय.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

उद्याचा प्लॅन पक्का.

१०.३० मिरवणूक. १०.४५ नावं. चौथ्या नावाला मास्क घालायचा. घंटा सुरू, पाण्यात पाऊल. उजव्या हातात चक्र, दिवा डोक्याला, दुसरा दिवा छातीला. डावा हात क्रूसाच्या खुणेसाठी मोकळा ठेवायचा. (डावा चालतो का? डॉन स्रेच्कोला विचारायला नको.) चार मिनिटं खाली, तीन मिनिटं वर. बँड वाजायला लागला की पायऱ्यांवर.

दिंका गायनमंडळात असणार, म्हणून झिप आत्ताच लावून बघितली, लागली. काढायला वीस मिनिटं. उद्या नाश्त्याच्या आधीच लावून घ्यायची. कॉफी कमी.

काही बिघडू शकत नाही. जे बिघडेल ते दोन आहे.

१५ ऑगस्ट, शनिवार. दुपारी ४.३०

एकही वस्तू बिघडली नाही. हे आधी लिहितो, कारण ते खरं आहे.

सकाळी मायेस्त्राल, ऊन, पाणी आरशासारखं. अख्खं गाव धक्क्यावर. केकानं आणि बेकरीवाल्यानं मला बाकावरून उठवलं, त्यात आता आमचा हात बसलाय. बाबांचं नाव आलं. मास्क घातला. घंटा. पाऊल टाकलं.

खाली जाताना थांबता आलं नाही. दगड टाकल्यासारखा गेलो, थेट गोस्पाच्या मागच्या बाजूला, मूर्ती आणि खडकाच्या सांदीत. चक्र पुढे, मी मागे. चक्राची रिबन दिव्याच्या पट्ट्यात, दिव्याचा पट्टा रिळाच्या दोरीत, रिळाची दोरी पाठीमागे कुठेतरी मूर्तीच्या हाताला. सगळं पाठीमागे. हात पोचेना. वळायला गेलो तर आणखी आवळलं. दुसरी सुरी पायाला होती, पण पाय सांदीत. पहिली सुरी जूनमध्येच गेली.

थांबलो. विचार केला. सगळं चालू होतं. दोन्ही कॉम्प्युटर वेळ बरोबर दाखवत होते, सेकंदाचाही फरक नाही. दोन्ही दिवे लागलेले. फुगा सोडायचा विचार केला, पण मग अठरा जुलै आठवला. मोठा सिलेंडर हळूहळू उतरत गेला. वजनामुळे मी धापा टाकत होतो, त्यानं हवा लवकर संपते. यावेळी गेज मी बघितलं. सारखं बघितलं. मग छोटा सिलेंडर तोंडात घेतला, तोसुद्धा चालला. मग त्याचा काटा उतरायला लागला.

मी घाबरलो. इतकं की मास्कमध्ये रडलो, आणि रडल्यावर नाक पुसता येत नाही खाली. चव्वेचाळीस वस्तू अंगावर आणि करायला काहीच नाही. डॉन स्रेच्को माझं नाव यादीत शेवटी कसं वाचेल ते ऐकू आलं मला. तो 'प्रोश्पेर' नेहमी चुकीचंच म्हणतो. बाबांना पण असंच वाटलं असेल का, की आता कुणीतरी यायला हवं?

पाठीमागून कोणीतरी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं. म्हणजे: थांब, हलू नकोस. बावीस वर्षं हीच खूण आहे आमची. मग मागे कचाकच कापण्याचा आवाज. एकेक पट्टा सुटला. त्यानं मला सांदीतून ओढून काढलं, माझ्या गेजकडे पाहिलं, मान हलवली, आणि त्याचा जादाचा रेग्युलेटर पुढे केला.

घेतला. लुचलो. हो, तान्ह्या पोरासारखा.

त्याच्या हातातली सुरी माझी होती. मुठीवर माझी अक्षरं कोरलेली, जूनमध्ये गेलेली ती मोठी.

चक्र त्यानं माझ्या हातात परत दिलं. स्वतः दिवा धरला. मी चक्र गोस्पाच्या पायाशी ठेवलं आणि उजव्या हातानं खूण केली. वर आलो तेव्हा बँड अजून वाजत होता आणि बहुतेक कोणालाच काही वेगळं वाटलं नाही. एकोणीस वर्षं लोकांनी दोन डोकी वर येताना पाहिली आहेत, आजही दोन आली. डॉन स्रेच्कोसुद्धा म्हणाला, छान झालं, मुलांनो.

पायऱ्यांवर बार्तुलनं माझ्या सूटची झिप उघडली. स्वतःचा सिलेंडर उतरवला. जॅकेट उचललं, डायव्हिंग सूटवरच गळ्यापर्यंत बंद केलं आणि कोनोबाकडे निघाला.

संध्याकाळी ७

कोनोबात गेलो. जायचं नव्हतं, पण गेलो नसतो तर मी नसताना सांगितलं असतं, त्यापेक्षा समोर बरं. तीच माणसं होती. बेकरीवाल्यानं विचारलं, बार्तुल, यंदा प्रोश्पेर एकटा जाणार होता ना? तू मागून धावत उडी मारलीस, खाली झालं तरी काय?

मी ग्लासात बघत बसलो. कान एवढे तापले होते की त्यावर मासा भाजला असता.

बार्तुल म्हणाला, काय सांगू? मला काही दिसलंच नाही. युगो होता आज, पाणी नुसतं गढूळ.

उघड्या दारातून सगळ्यांना दिसत होतं. लख्ख ऊन, मायेस्त्रालवर सणाच्या पताका फडफडतायत, तळाचे दगड धक्क्यावरून मोजता येतील असं पाणी. कोणी हसलं नाही. बेकरीवाला म्हणाला, हां, युगो, वाटलंच. म्हातारी केका म्हणाली, सकाळपासून माझे गुडघे ठणकतायत, मी म्हटलंच, युगो आहे.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काहीतरी बोलायचं होतं. एकतीस वर्षं खिडकीत बसून मी आगाऊ माणसांना उत्तरं दिलीत.  बार्तुलचा ग्लास रिकामा होता, तो भरला. 

१६ ऑगस्ट, रविवार. सकाळी ८

फाटकाच्या कडीला माझी सुरी. शेजारी दाराची मूठसुद्धा, जूनमध्ये निघाली होती ती, आकड्यासकट. ती तर पाण्यात गेलीच नव्हती. प्रवाहाचा विषय पुन्हा तपासायला हवा.

सामान आवरायला घेतलं. छोटा सिलेंडर निवेसला देऊन टाकणार. मास्क एक ठेवणार. बार्तुलला फोन केला, म्हणालो, पुढच्या रविवारी दीपगृह, सात वाजता. तो म्हणाला, गेज बघून ये, गाढवा. मी म्हणालो, बघेन.

मग डायव्हची वही काढली, कालची नोंद करायला. पानं उलटताना ३ मे दिसलं. वारा: मायेस्त्राल, कडक ऊन, पंचवीस मीटर. बराच वेळ बघितलं. माझंच अक्षर आहे, पण घाईत लिहिल्यासारखं वाटतं. बोटीवर लिहिलेलं असणार. बोटीवर माणसाकडून चुका होतात. खोडलं आणि बरोबर करून लिहिलं: युगो, जोरदार.

दिंकाला दाखवलं. ती चष्मा लावून वाचत राहिली. मग म्हणाली, जोरदारच होता, माझ्या चादरी तीन दिवस वाळल्या नाहीत.

मलाही आठवतंय. ओल्या चादरीवरच झोपलो होतो.